चार अक्कलदाढा आणि बोडनझेची सहल

हरीश बोंद्रेने आपल्या चार अक्कलदाढा काढायचं ठरवलं, इथपर्यंत सगळं ठीक होतं. त्या कुणाला कळू न देता काढायचं ठरवलं, तिथे घोडं पेंड खायला लागलं.

आता दाढ काढणं ही काही लपवण्याजोगी गोष्ट नव्हे. माणूस वय लपवतो, पगार लपवतो, एखादा आपलं टक्कल लपवतो; पण दोन्ही गालफडांत लिंबू कोंबल्यासारखा चेहरा घेऊन फिरणाऱ्याने लपवायचं काय आणि कुठे? हरीशला हे कळत नव्हतं असं नाही. तो जर्मनीत इंगोलश्टाटला, मोटारींच्या दारांची कुलपं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता, आणि कुठली वस्तू कुठे दाबली की कुठून बाहेर येते हे ओळखण्याचाच त्याला पगार मिळत होता. पण दोन हजार चौदाच्या त्या सप्टेंबरात त्याची मती फिरली होती. त्याचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट एकतीस ऑक्टोबरला संपत होतं. ते पक्कं करायचं की हरीशच्या हातात नारळ द्यायचा, हे त्याचे साहेब हेर, म्हणजे जर्मन श्रीयुत, लिंडनर ठरवणार होते. नारळ मिळाला की पुन्हा चाकण. बायको निशिगंधाने मोठ्या खटपटीने एका प्रयोगशाळेत दुपारची नोकरी मिळवली होती, ती सोडायची. सात वर्षांची मुक्ता, जी आता 'जेवायला ये' म्हटलं तरी जर्मनमधून उत्तर देत होती, तिला उचलून पुन्हा मराठी-इंग्रजीत नेऊन ठेवायची. आणि हेर लिंडनर तर ताकास तूर लागू देत नव्हते.

हरीशकडे एकच हुकमाचा एक्का होता. दोन वर्षांत त्याने आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती. ऑफिसातले बाकीचे लोक नाक गळायला लागलं की तीन दिवस दिसेनासे व्हायचे, आणि हरीश एकशे एक ताप अंगात घेऊन, गोळी चघळत, कुलपाच्या खिट्टीची चाचणी घेत उभा असायचा. साहेब हे बघत असणार, मनात नोंद करत असणार, अशी त्याची श्रद्धा होती. श्रद्धेला पुरावा लागत नाही, त्यामुळे तो त्याने कधी मागितला नव्हता.

ऑगस्टमध्ये एका रविवारी ब्रेझेलचा, म्हणजे इथल्या खारट कडक पावाचा, तुकडा चावताना त्याच्या डाव्या जबड्यातून जी कळ निघाली, ती कानातून वर जाऊन टाळूला भिडली. आठवडाभर लवंगेवर काढल्यावर निशिगंधाने त्याला ओढत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आरसा तोंडात घालायच्या आधी अगदी सहज विचारलं, याआधी दातांच्या डॉक्टरांकडे कधी गेला होतात?

"चौथीत," हरीश म्हणाला. "शाळेत तपासायला आले होते."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काही दुखलं नाही."

बाईंनी आरसा खाली ठेवला. त्यांनी आपल्या मदतनीस मुलीला आत बोलावलं आणि हरीशला तेच पुन्हा सांगायला लावलं. या देशात न दुखणारे दातसुद्धा दर वर्षी नेऊन दाखवायचे असतात आणि त्याचा एका पुस्तिकेत शिक्का मारून घ्यायचा असतो, हे हरीशला तिथे कळलं. त्या दोघी त्याच्याकडे जंगलातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. पुण्याच्या नामांकित कॉलेजातून फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन मिळवलेल्या माणसाला हे फार लागलं.

फोटो काढला तर चार अक्कलदाढा. वरच्या दोन वाकड्या, पण निदान उभ्या. खालच्या दोन मात्र हाडाच्या आत चक्क आडव्या झोपलेल्या, पुढच्या दाढेला डोकं टेकवून. बाई म्हणाल्या चारही काढा, आणि एकदमच काढा. जबड्याच्या सर्जनच्या नावे चिठ्ठी मिळाली, सर्जनकडून तारीख मिळाली ती सतरा सप्टेंबरची, बुधवारची. तोवर गोळ्या.

सल्ल्यांना मात्र तारीख लागत नाही. सासूबाई, म्हणजे मालिनीबाई, सांगलीहून स्काइपवर आल्या. "अहो हरीशराव, वरच्या दाढांना हात लावू देऊ नका हो," त्या म्हणाल्या. "वरच्या दाढा डोळ्यांना जोडलेल्या असतात. आमच्या शेजारच्या प्रभाताईंनी काढल्या, तर दोन महिन्यांत चष्मा." निशिगंधा मागून ओरडली की आई, प्रभाताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यावर मालिनीबाई म्हणाल्या, मग मी तेच तर सांगतेय, चौऱ्याहत्तरपर्यंत लागला नव्हता. हरीशने त्या संध्याकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून पाहिलं. शास्त्र म्हणून नव्हे, आपली एक सावधगिरी म्हणून.

खरा घात केला तो श्रीरंगने. श्रीरंग रविवारच्या बॅडमिंटनमधला मित्र. जर्मनीत अकरा वर्षं काढल्यामुळे इथल्या कुठल्याही विषयावर बोलायचा परवाना त्याने स्वतःच स्वतःला दिला होता.

"कॉन्ट्रॅक्टच्या तोंडावर आजारपणाची रजा?" त्याने रॅकेट काखेत धरून विचारलं. "आल्झो, हरीश, तू वेडा आहेस का? फाइल उघडली की पहिलं तेच दिसणार. सरळ उरलाऊब टाक. आपली हक्काची सुट्टी. बुध, गुरु, शुक्र. पुढे शनिवार-रविवार. सोमवारी ठणठणीत."

"आणि सूज?"

"सूज काय, बर्फ लावला की गेली. माझ्या मेव्हण्याला तर कळलंसुद्धा नाही."

"त्याच्या किती काढल्या होत्या?"

"एक," श्रीरंग म्हणाला, आणि जरा थांबून, "तसा पुढचा दात होता तो."

एवढ्यावर शहाण्या माणसाने उठून घरी जायला हवं होतं. पण मनात आधीच ठरलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की तिला सल्ला म्हणायची पद्धत आहे. हरीशने घरी निशिगंधाला सांगितलं की ऑफिसात कल्पना दिली आहे, साहेब म्हणाले भरपूर आराम करा. आणि ऑफिसात जाऊन सुट्टीचा अर्ज टाकला.

हेर लिंडनर एरवी दगडासारखा चेहरा करून बसायचे. पण सुट्टीचा अर्ज बघून ते एकदम खुलले. दोन वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच ख्रिसमस सोडून सुट्टी मागत होता. "वा! कुठे निघालात?"

हा प्रश्न येईल हे हरीशच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्याकडे रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलं की साहेबाचं समाधान होतं. इथे उरलाऊब म्हणजे माणूस कुठेतरी जाणारच, आणि कुठे हे विचारणं हा शिष्टाचार. हरीशची नजर साहेबांच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे निळ्या सरोवराचं चित्र होतं, खाली नाव होतं.

"बोडनझे," तो म्हणाला.

हेर लिंडनर खुर्चीतून उठून उभे राहिले. बोडनझे! ते जन्माने त्याच सरोवराकाठचे, लिंडाऊ गावचे. लहानपण तिथे गेलेलं, आई अजून तिथे राहते. पुढचा पाऊण तास या अबोल माणसाने कुठल्या धक्क्यावरून बोट घ्यावी, मासे कुठे खावेत, सफरचंदांच्या बागांतली कुठली पायवाट सोडू नये हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचं जुनं प्रवासाचं पुस्तक आणून दिलं, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेलं. "परत आलात की सगळं सांगा हं," ते म्हणाले. दोन वर्षांत साहेब हरीशकडे बघून हसले ते हे पहिल्यांदा. त्याला इतकं अपराधी वाटलं की त्याने ते पुस्तक घरी नेऊन खरोखरच वाचलं.

सतरा तारीख उजाडली. सर्जनने एक चार पानी कागद पुढे ठेवला. त्यात काय काय होऊ शकतं याची यादी होती. जीभ बधिर होऊ शकते, ओठ कायमचा बधिर राहू शकतो, जबडा मोडू शकतो. अशा वेळी आपल्याकडचा डॉक्टर काय करतो? खांद्यावर थाप मारतो, 'काही होत नाही हो, चार मिनिटांचं काम' म्हणतो, आणि पेशंट त्या खोट्यावर तरून जातो. हरीशने तेवढ्याच आशेने विचारलं, "पण असं काही होणार नाही ना?"

"ते मी कसं सांगणार?" सर्जन म्हणाला. "होऊ शकतं म्हणून तर लिहिलंय."

हरीशने सही केली. मग चार ठिकाणी सुया टोचल्या, आणि त्याला वाटलं आता झोप येणार. झोप आली नाही. झोप येणारच नव्हती. भूल फक्त जबड्याला होती; उरलेल्या हरीशने सगळं जागेपणी बघायचं होतं. आत रेडिओ चालू होता. म्युनिककडे जाणाऱ्या रस्त्यावर आठ किलोमीटर वाहनं खोळंबली आहेत असं रेडिओ सांगत होता, आणि सर्जन हरीशच्या डोक्याला काखेत धरून, हाड कापत, शनिवारी सुरू होणाऱ्या ऑक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे बिअरच्या जत्रेत, कुठल्या मंडपात जागा मिळते यावर मदतनीस बाईंशी बोलत होता. हरीशला दुखत नव्हतं, पण कडाकड आवाज येत होते, आणि ते आपल्याच डोक्यातून येत आहेत हे कळत होतं. निदान या वेळी तरी लोकांनी आपल्याविषयी बोलावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. ती रस्त्यावरच्या खोळंब्याने पुरी होऊ दिली नाही.

शेवटी सर्जनने चारही दाढा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात दिल्या. त्याबरोबर सूचना. पाच दिवस कॉफी नाही, काळा चहा नाही. आणि दुधाचा कुठलाही पदार्थ नाही.

हरीशने कापसाच्या बोळ्यांमागून डोळे विस्फारले. मग दहीभात? आइस्क्रीम? अहो, आपल्याकडे दात काढला की डॉक्टर स्वतः आइस्क्रीम खायला सांगतात, पोरं त्याच आशेवर खुर्चीत बसतात. बाईंनी यादी पुन्हा वाचली. चहा नाही. दही नाही. दूध नाही. एका मराठी आजारी माणसापाशी जे जे असतं ते सगळं काढून घेतल्यावर त्याच्याकडे फक्त आजार उरतो.

आणि मग दोन पिवळे कागद. एक विमा कंपनीला, एक ऑफिसला. हेर बोंद्रे काम करण्यास असमर्थ, पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे सव्वीस तारखेपर्यंत. "दहा दिवस घरी," सर्जन म्हणाला. "खालच्या दोन्ही बाजूंना हाड कापलंय. ही थट्टा नाही." बाहेर निशिगंधाने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? हरीशने हाताने खूण केली: सोमवारपासून ठीक. घरी पोचल्यावर ती गाडी लावत होती तेवढ्यात त्याने ते दोन्ही पिवळे कागद साहेबांच्या बोडनझेच्या पुस्तकात सारून टाकले.

गुरुवारी सकाळी त्याने आरशात पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. मुक्ताने पाहिलं आणि ती शाळेचं दप्तर घेऊन सरळ आईच्या मागे गेली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हूबरना, म्हणजे हूबरबाईंना, जिन्यात कळलं, तशा त्या क्वार्कचा अर्धा किलोचा डबा घेऊन वर आल्या. क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा जर्मन भाऊ. त्यांनी तो फडक्यावर जाड थापला आणि फडकं हरीशच्या दोन्ही गालांवर बांधलं. गाल थंडावले, पण मनाला फार क्लेश झाले. जो चक्का पोटात घ्यायला बंदी, तो दोन बोटांच्या अंतरावर बाहेरून लावलेला, आणि त्याचा वास नाकात. दुपारी निशिगंधा कामावर गेल्यावर हरीशने फडक्याची कड चाटून पाहिली हे खरं आहे, पण ते कुणाला सांगू नये.

शुक्रवारी गोळ्या संपल्या. निशिगंधा कामावर, मुक्ता शाळेनंतरच्या वर्गात. हरीश ऐन सप्टेंबरात तोंडाला मफलर गुंडाळून बाजारात गेला. औषधाच्या दुकानापासून वीस पावलांवर समोरून कोण यावं? हेर लिंडनर, हातात आइस्क्रीमचा कोन घेऊन. शुक्रवारी दुपारी दोननंतर जर्मनीत ऑफिसात कुणी नसतं हे हरीश जबड्याच्या नादात विसरला होता. आणि या घटकेला तो बोडनझेवर सफरचंदांच्या बागेत असायला हवा होता. त्याने डावीकडचं पहिलं दार ढकललं आणि आत शिरला.

ते कानाच्या यंत्रांचं दुकान होतं.

एक हसऱ्या बाई पुढे आल्या. कशी मदत करू, त्यांनी विचारलं. हरीशचं तोंड करंगळीएवढंच उघडत होतं, शिवाय आत टाके. तो नुसता उभा राहिला. बाईंनी तोच प्रश्न मोठ्याने विचारला. मग आणखी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. काचेतून हेर लिंडनर दिसत होते. ते नेमके समोरच्या बाकावर कोन खात बसले होते. हरीशने मान हलवली. बाईंच्या डोळ्यांत माया दाटली. त्यांनी त्याचा हात धरून आतल्या खोलीत नेलं, सुजलेल्या गालांवरून हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. वीस मिनिटं हरीश डोळ्यांत पाणी आणून बटण दाबत होता. शेवटी बाईंनी कागद छापून आणला. त्यांचा चेहरा पडला होता. इतके उत्तम कान त्यांनी त्या महिन्यात पाहिले नव्हते. असे कान घेऊन हा माणूस आपल्याकडे का आला, हे काही त्यांना विचारवेना. हरीश मात्र परत जाताना जरा ताठ चालत होता. तपासणी कुठलीही असो, पहिला नंबर आला की माणसाला बरं वाटतं.

सोमवारी तो सात वाजताच ऑफिसात हजर झाला. सूज थोडी उतरली होती, पण तिच्या जागी रंग आले होते. गालांवर जांभळा, जबड्यावर हिरवा, गळ्यावर हळदीसारखा पिवळा. बसमध्ये एका आजोबांनी उठून त्याला जागा दिली होती. निशिगंधा दारात म्हणाली होती, "डॉक्टर नक्की सोमवार म्हणाले ना?" आणि हरीशने मान डोलावली होती. त्याचा हिशेब साधा होता: तोंड न उघडता, मान खाली घालून चार दिवस काम केलं की निभावलं.

साडेआठला साहेबांच्याच खोलीत मीटिंग होती. हेर लिंडनर आत आले, "काय, कसं होतं बोडनझे?" म्हणत हरीशकडे वळले, आणि त्यांच्या हातातला कप कलंडला. खोलीतले सहा जण वळून बघायला लागले. साहेबांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि हरीशसमोर खुर्ची ओढून बसले.

"हेर बोंद्रे," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "कोणी केलं हे?"

हरीशने घाईघाईने मान हलवली, म्हणजे काही नाही, सोडून द्या.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "इथे तुम्ही सुरक्षित आहात."

त्यांनी फोन करून कामगारांच्या प्रतिनिधी फ्राऊ केसलर यांना बोलावलं. त्या प्रथमोपचाराची पेटी असलेल्या माणसालाच बरोबर घेऊन आल्या. त्यांनी हरीशकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "किती होते?" त्यांनी विचारलं. हरीशला वाटलं, संपलं, हिला सगळं कळलेलं दिसतंय. आता खोटं बोलण्यात अर्थ नाही. त्याने चार बोटं दाखवली.

"चौघे," फ्राऊ केसलर पांढऱ्याफटक पडून म्हणाल्या. "एका माणसावर चौघे. आणि सगळे फक्त तोंडावर."

तेव्हा कुठे हरीशच्या डोक्यात प्रकाश पडला. या लोकांना वाटत होतं, बोडनझेवर कुणीतरी आपल्याला परदेशी म्हणून मारलं. फ्राऊ केसलर लिंडाऊच्या पोलिसांचा नंबर शोधायला लागल्या होत्या. आणि हेर लिंडनर दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. "माझ्या गावात," ते म्हणत होते. "मी तुम्हाला तिथे पाठवलं. पायवाटसुद्धा मीच सांगितली." हरीशने पाहिलं तर साहेबांचे डोळे भरले होते. त्याला इतकी लाज वाटली की जबड्याची कळ त्यापुढे काहीच नव्हती. त्याने बोलायचा प्रयत्न केला, पण घसा, टाके आणि भीती यांतून फक्त घरघर बाहेर आली. ती ऐकून साहेब आणखीनच खचले.

त्याने लिहायला कागद मिळतो का ते इकडेतिकडे पाहिलं, आणि काही सुचेना तेव्हा परत करायला आणलेलं बोडनझेचं पुस्तक बॅगेतून काढून साहेबांपुढे सरकवलं. साहेबांना ते पाहवेना. त्यांनी ते बाजूला सारलं आणि फाइलमधल्या नंबरवर त्याच्या घरी फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"फ्राऊ बोंद्रे," ते म्हणाले, "बोडनझेवर तुमच्या कुटुंबावर जे गुदरलं, त्याने आम्हाला सगळ्यांना धक्का बसला आहे. तुम्ही आणि मुलगी ठीक आहात ना?"

"कुठलं बोडनझे?" निशिगंधा म्हणाली.

"सहलीत. जिथे तुमच्या यजमानांना मारलं."

"त्याला कुणी मारलं नाही," निशिगंधा सावकाश, एकेक जर्मन शब्द जुळवत म्हणाली. "त्याच्या चार अक्कलदाढा काढल्या. बुधवारी. तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच त्याला आराम करा म्हणालात."

त्याच क्षणी फ्राऊ केसलर यांनी पुस्तक उचललं, आणि त्यातून दोन पिवळे कागद टेबलावर पडले. त्यांनी ते वाचले. साहेबांना दिले. साहेबांनी वाचले, फोनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात, तारखेसकट. सव्वीस सप्टेंबर. पलीकडून निशिगंधाने फोन बंद केला.

हरीशला वाटलं, आता हायसं वाटून सगळे हसतील; शेवटी मारहाण तर झाली नव्हती. पण फ्राऊ केसलर यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मघापेक्षा कितीतरी भयंकर होतं.

"उरलाऊबमध्ये?" त्या म्हणाल्या. "शस्त्रक्रिया तुम्ही उरलाऊबमध्ये केलीत? सुट्टीचे तीन दिवस घालवून?" पेटीवाल्या माणसाने 'माइन गॉट' म्हणून देवाचं नाव घेतलं. मारहाण होऊ शकते, जगात वाईट माणसं असतात. पण माणूस आपली हक्काची सुट्टी आपण होऊन दाढांना देतो, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं.

मग साहेब बोलले, आणि हरीशचा हुकमाचा एक्का टेबलावर उलटा पडला. दोन वर्षांत आजारपणाची शून्य रजा, साहेब म्हणाले. सत्तावीस दिवसांची सुट्टी शिल्लक. यावरून फ्राऊ केसलर यांच्या कामगार मंडळाने साहेबांना दोनदा लेखी विचारलं होतं, की तुम्ही या माणसाला काय धाक घातलाय? तापात उभा राहून त्याने घेतलेल्या चाचण्या दुसऱ्या दिवशी गुपचूप पुन्हा घ्याव्या लागत, कारण आकडे चुकलेले असत. हरीशबद्दल साहेबांच्या मनात नोंद होती हे खरं होतं. ती हीच होती.

"तुमच्या कामाबद्दल मला कधीच शंका नव्हती," हेर लिंडनर म्हणाले आणि खणातून एक लिफाफा काढला. "हे बुधवारी सकाळी सही होऊन आलं. तुमचं कायमचं कॉन्ट्रॅक्ट."

बुधवारी सकाळी. म्हणजे तो सर्जनच्या काखेत डोकं देऊन पडला होता, तेव्हा. गुरुवारचा चक्का, शुक्रवारचे कान, आजची बस, सगळं त्यानंतरचं. हरीशने कागदावर लिहिलं: फोन का नाही केलात?

साहेबांना प्रश्नच कळला नाही. "पण तुम्ही उरलाऊबवर होतात," ते म्हणाले. "उरलाऊबवरच्या माणसाला कोण त्रास देतं?" मग त्यांनी तीन दिवसांची सुट्टी परत जमा करायला सांगितलं, पिवळा कागद स्वतः फाइलला लावला आणि टॅक्सी बोलावली. सव्वीसच्या आधी दिसलात तर बघा, एवढंच दारातून म्हणाले. ते पुन्हा दगड झाले होते, पण त्यांनी हरीशचा हात जरा जास्त वेळ धरला.

साडेदहा वाजता हरीश आपल्या दाराशी उभा होता. किल्ली लावायच्या आत दार उघडलं. निशिगंधाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने लिफाफा पुढे केला. तिला आनंद होईल, तो आनंद बाकीचं सगळं झाकून टाकेल, असं टॅक्सीत येताना त्याने ठरवलं होतं. तिने पत्र उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, तारीख पाहिली, नीट घडी घालून परत लिफाफ्यात ठेवलं.

"त्यांना बोडनझे सांगितलंस ते एक वेळ समजू शकते," ती म्हणाली. "ते साहेब आहेत. मला सोमवार का सांगितलास?"

हरीशने बॅग खाली ठेवली.

"मी काय नारळ देणार होते तुला?" तिचा आवाज फुटला. "परत जावं लागलं असतं तर गेलो असतो. तीन माणसं, चार बॅगा. पण मला घरात राहून कळू नये, की तुला उभं राहवत नाहीये?"

हरीशला रडू आलं, आणि रडताना जबडा ताणला गेला म्हणून आणखी रडू आलं. तिने त्याला आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, समोर स्टूल ओढून बसली.

"झाली ना नोकरी पक्की?" ती म्हणाली. "आता मला सांग. दुखतंय का?"

"दुखतंय," हरीश म्हणाला.

मग एकदा म्हणाल्यावर त्याला थांबता येईना. जबडा दुखतो, कान दुखतो, ताप असायचा तेव्हा पाय दुखायचे, कँटीनमध्ये सगळे हसले आणि विनोद कळला नाही की काय दुखायचं ते त्याला सांगता येत नव्हतं, तेही तो सांगत बसला. तोंड सुजलेलं असल्यामुळे त्यातलं निम्मं तिला कळलं नाही, तरी ती उठली नाही.